नावावरची चिकटपट्टी

९ जानेवारी

सर्जनशी भांडण. सकाळी सकाळी! फोन करून म्हणतो, "मॅडम, पेशंट तरुण आहे, पोरं लहान आहेत, जरा नीट बघा." जरा नीट बघा म्हणजे? बाकीच्यांचं काय मी डोळे मिटून बघते? म्हटलं, "मला वय सांगू नका, पोरं सांगू नका. गाठीचा तुकडा पाठवलाय ना? मग बास." आणि ठेवला फोन.

माझी पद्धत अख्ख्या लॅबला ठाऊक आहे. ट्रे माझ्याकडे यायच्या आधी आमची काप काढणारी टेक्निशियन सुरी प्रत्येक स्लाइडच्या लेबलवर पांढरी चिकटपट्टी लावते. मी आधी मायक्रोस्कोपखाली बघणार, मत लिहिणार, सही करणार, आणि मगच पट्टी सोलून नाव, वय, बाकीचं पुराण वाचणार. नवीन आलेले हसतात. हसू देत. एकदा नाव वाचलं की मन आपलं चांगलं काहीतरी शोधायला लागतं, आणि शोधलं की सापडतंच.

सर्जनच्या पेशंटची गाठ साधी निघाली. कॅन्सर नाही. मीच फोन करून सांगितलं आणि त्याने आभार मानायच्या आत ठेवला. मजा आली!

११ जानेवारी

सुरीने आज काय सुंदर काप काढलेत! मेणात बसवलेला तुकडा तिच्या हातात दिला की कांद्याचा पापुद्रा जाड वाटावा असं काहीतरी निघतं. हे टोपणनाव मीच ठेवलं तिला. आता तिचा नवराही तिला सुरी म्हणतो म्हणे.

१५ जानेवारी

वन्सं आल्या. न कळवता!

दार नवरोबाने उघडलं आणि तसाच उभा राहिला. मोठी बहीण अशी अचानक दारात म्हणजे ह्याची पाचावर धारण. त्या त्याला बाजूला सारून सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि टेबलावर माझ्यापुढे पुठ्ठ्याची डबी ठेवली. "तुझ्यासाठी खाऊ आणलाय, डॉक्टरीण." डबीत स्लाइड्स. डबीवर माझंच आडनाव. वन्संनी लग्न केलं नाही, त्यामुळे आमच्या दोघींचं आडनाव एकच.

डाव्या स्तनात गाठ. कितीतरी दिवस कोणाला पत्ता नाही. "सांगून काय ती लाजून पळाली असती?" त्या राहतात तिथल्या हॉस्पिटलात सुईने तुकडा काढला. रिपोर्टही आणला होता. ट्रिपल निगेटिव्ह.

वन्संनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्या तरी आवाज वर्गातलाच. "हे काय लिहिलंय ते सांग. डॉक्टरसारखं नको, माणसासारखं."

सांगितलं. स्तनाचा कॅन्सर म्हणजे एकच आजार नाही, एका नावाखाली चार-पाच बिऱ्हाडं आहेत. आपलं बिऱ्हाड कुठलं ते ओळखायला गाठीच्या पेशींना रंग लावतात. दोन हार्मोनसाठी दोन तपासण्या. हार्मोनचं ऐकणारे कान पेशींना असले की त्या तपकिरी होतात. मग गोळ्या देऊन ते कान बंद करता येतात आणि बाई वर्षानुवर्षं चालते. आणखी एका औषधासाठी आणखी एक तपासणी असते. तिन्ही तपासण्या कोऱ्या आल्या तर गोळी नाही, ते औषध नाही. नुसतं केमो. आणि असली गाठ फार तापट असते.

"म्हणजे तुझ्यासारखी," वन्सं म्हणाल्या. नवरोबा उठून बाहेर गेला.

लग्न होऊन आले तेव्हापासून ही बाई माझ्याशी असंच बोलते. भर लग्नात म्हणाली होती, "जिवंत माणसांशी पटत नाही म्हणून काचेवरच्या मांसाची डॉक्टर झाली." आज मात्र हात टेबलाखाली होते. वाकून चमचा उचलला तेव्हा दिसले. पदर मुठीत घट्ट पिळलेला.

१६ जानेवारी

चूक! त्या लोकांची चूक!

डबी घेऊन लॅबला गेले. पट्टी लावली नाही. कशाला लावायची, नाव तर कालच वाचलं होतं. गाठ खरी आहे, त्यात वाद नाही. ओबडधोबड पेशी, भराभर वाढणाऱ्या. पण रंगाच्या स्लाइडवर गाठीशेजारी दोन-चार निरोगी दूधनलिका आल्यात. त्यांच्यात तपकिरी रंग यायलाच हवा. रंग नीट चढला की नाही हे त्यांच्यावरून तर ओळखायचं! आणि त्याच कोऱ्या. म्हणजे रंग चढलेलाच नाही. तुकडा टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये टाकायला कोणीतरी उशीर केला असणार, वाळत पडला असणार कुठेतरी. आणि हे शहाणे गाठ कोरी दिसली म्हणून निगेटिव्ह लिहून मोकळे! शितावरून भाताची परीक्षा करायची तर निदान शीत तरी शिजलेलं असावं की नाही?

तिथूनच फोन लावला. "वन्सं, तो रिपोर्ट रद्दीत घाला. परत सुई घालू. गोळ्यांवर भागणार आहे तुमचं, बघा."

"नक्की?"

"मी बघितलंय ना!"

मग म्हणाल्या, "बरं झालं गं बाई." डॉक्टरीण नाही. बाई.

१७ जानेवारी

सरांना दाखवलं. मला हे काम त्यांनीच शिकवलं, चिकटपट्टीसुद्धा मूळ त्यांचीच. कधीच निवृत्त व्हायला हवं होतं, पण खुर्ची सोडवत नाही. चष्मा पुसत पुसत ऐकलं. "तपासणी बाद, हे बरोबर. पण गाठीला रंग येणारच, हे कुठे दिसलं तुला?"

म्हटलं, "सर, एवढा अनुभव आहे."

"अनुभव आहे की नणंद आहे?"

राग आला. चहा तसाच ठेवून उठले. बघाल तुम्ही!

१९ जानेवारी

दुसरी सुई आमच्या हॉस्पिटलातच. तुकडा मी स्वतः फॉर्मालिनमध्ये टाकला, कोणाच्या हातात दिला नाही. डॉक्टरने गाठीत तिळाएवढी धातूची खूण सोडून ठेवली. पुढे औषधाने गाठ लहान झाली तर जागा हरवू नये म्हणून. वन्सं म्हणाल्या, "चला, म्हातारपणी एक दागिना मिळाला." नवरोबा खो खो हसला आणि घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून बसला.

२२ जानेवारी

निरोगी दूधनलिका तपकिरी. भरगच्च, झकास तपकिरी.

गाठ कोरी. तिन्ही तपासण्या.

२३ जानेवारी

तोंडघशी पडले. तेही वाजतगाजत. "गोळ्यांवर भागेल" म्हणायला मला कोणी सांगितलं होतं?

वन्सं गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. माझं तोंड बघितलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला. "आलं वाटतं उत्तर."

सांगितलं. पहिली तपासणी चुकीची होती, पण उत्तर तेच निघालं. त्यांना नवल वाटलं नाही. "असं होतं. पोरं चुकीची रीत करतात आणि उत्तर नेमकं बरोबर येतं. मी मार्क देत नसे." मग ओला टॉवेल झटकला. "शंभरातल्या किती?"

"काय किती?"

"वेड पांघरू नकोस. ह्या बिऱ्हाडातल्या शंभरातल्या किती जणी पाच वर्षांनी असतात? तुमच्याकडे आकडा असतो."

म्हटलं, "अर्ध्याहून बऱ्याच जास्त. पण गोळीवाल्यांपेक्षा कमी."

"बऱ्याच म्हणजे? मोघम उत्तर चालणार नाही."

दिला आकडा. इथे लिहीत नाही. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी केलं, ओठ हलले. "शंभर जणींचं ठीक आहे. मी एकटीच आहे. माझं एक होईल नाहीतर शून्य."

मी माफी मागायला लागले तर हात वर केला. "तू 'मी बघितलंय' म्हणालीस ना, त्या दिवसापासून मी झोपले. चांगली झोपले. त्या रात्री परत मागू नकोस, त्या माझ्या." आणि उरलेले कपडे मला वाळत घालायला लावले. खाली येताना जिन्यात रडले.

२४ जानेवारी

काखेत कळसा नि गावाला वळसा!

तपकिरी रंगाच्या नादात मी नेहमीची गुलाबी-निळ्या रंगाची साधी स्लाइड धड बघितलीच नव्हती. आज लेबलवर पट्टी चिकटवली. नाव पाठ असताना! आणि नवीन पेशंट आल्यासारखी कोपऱ्यापासून सुरुवात केली. गाठीच्या आत जिकडेतिकडे बारीक निळे ठिपके. लिम्फोसाइट! शरीराची स्वतःची फौज. बहुतेक गाठींमध्ये ती बाहेर वेशीवरच ताटकळते. इथे घरात शिरून बसलीय, पाय ठेवायला जागा नाही. असल्या तापट गाठीत ही गर्दी जितकी दाट, तितकं केमो जास्त लागू पडतं आणि तितक्या जास्त बायका टिकतात. हे माझं लाडकं मत नाही, कितीतरी गाठी मोजून लोकांनी ठरवलेलं आहे.

पण आता माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही. दुधाने तोंड पोळलंय. अंदाज कागदावर लिहून खिशात घातला, आणि पट्टी तशीच ठेवून स्लाइड सरांपुढे सरकवली. "कोणाची?" म्हणून त्यांनी विचारलं नाही. खूप वेळ बघितलं. "गर्दी आहे. निम्म्याहून जास्त जागा व्यापलीय." खिशातल्या कागदावरही तेच. मग त्यांनी पट्टी सोलली, नाव वाचलं, परत चिकटवली.

"आजपासून हिचं काहीही तू वाचायचं नाहीस. मी वाचीन."

कबूल. एकदम कबूल.

२६ जानेवारी

केमोच्या डॉक्टरने ठरवलं. आधी केमो, मग ऑपरेशन. गाठ आत असली की औषध लागू पडतंय की नाही ते कळत राहतं. आणि ऑपरेशनच्या तुकड्यात जिवंत पेशी किती उरल्या, त्यावर पुढचा सगळा हिशेब. एकही उरली नाही, तर अशा बायकांचं पुढे बहुधा चांगलं होतं. पण तसं सगळ्यांचं होत नाही, हेही वन्संना सांगितलं. ह्या वेळी सगळं सांगितलं. लिम्फोसाइटसुद्धा.

"म्हणजे वार्षिक परीक्षा शेवटीच," त्या म्हणाल्या. "आणि ही तुझी फौज म्हणजे शिकवणी."

त्या आता आमच्याकडेच राहणार. मागची खोली रिकामी करून दिली. आल्या आल्या पडदे बदलायला लावले.

६ फेब्रुवारी

पहिलं केमो. हाताला सलाईन, आणि बाईसाहेब नर्सला अपूर्णांकांचा भागाकार शिकवतायत! तिच्या पोराला गृहपाठात आला होता म्हणे. नर्स जायला बघते, ह्या सोडत नाहीत.

२५ फेब्रुवारी

केस गळायला लागले तशा स्वतःच उठून सलूनमध्ये गेल्या. परत येऊन नवरोबाच्या टकलाशेजारी उभ्या राहिल्या. "आता कोणीही सांगेल, सख्खी भावंडं."

१७ मार्च

वाईट दिवस. वन्संचं तोंड सोलून निघालंय, पाणीसुद्धा जात नाही. दुपारी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "पुरे. मला नको आता. तुझी ती फौज गेली खड्ड्यात."

मी समजूत घालायला हवी होती. पण माझा स्वभाव! ओरडलेच. "इतकी वर्षं माझ्या डोक्यावर बसलात, आणि आता म्हणे उठून चालल्या! असं नाही चालणार!" नवरोबा दारात पांढराफटक.

वन्संनी मान वळवून बघितलं. "ओरडू नकोस. डोकं ठणकतंय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "घाबरलीस होय गं?"

म्हटलं, "हो."

"मीही." मग चमच्या-चमच्याने पाणी प्यायल्या.

१८ मार्च

केमोच्या डॉक्टरकडे गेल्या. निमूट. पुढचं घेणार आहेत.

३० एप्रिल

डॉक्टर म्हणतात गाठ हाताला लागत नाही! घरात आनंदीआनंद. मला नाही पटत. हाताला लागत नाही म्हणजे नाही असं थोडंच आहे? बोटांना काय कळतंय. एरवी खरं-खोटं मीच ठरवते, आणि नेमकं हेच मी बघायचं नाही.

८ जून

शेवटचं केमो झालं. नर्सच्या पोराला गणितात चांगले मार्क मिळाले. वन्सं म्हणाल्या, "एकाचा तरी निकाल लागला."

२ जुलै

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर येताच पहिलं वाक्य: "तुकडा पोचला का?"

पोचला. सुरीच्या ताब्यात आहे. वाचणार सर. मी त्या कपाटाकडे बघतसुद्धा नाही.

५ जुलै

सरांना विचारलं. "तयार नाहीत अजून. घाई आहे का?" घाई आहे का! मोठा माणूस म्हणून गिळलं.

वन्संना घरी आणलं. विचारत नाहीत. मी आत आले की कोड्याचं मासिक उचलतात आणि मी बाहेर गेले की ठेवतात.

७ जुलै

आज सुरीवर भडकले. आणि बरोबर भडकले!

सकाळच्या ट्रेमध्ये स्तनाच्या ऑपरेशनच्या स्लाइड्स होत्या, सगळ्यांवर पट्ट्या. पहिलीत काही नाही. दुसरीत नाही. तिसरीत नुसता व्रण, त्यात फेसाळ पेशी. साफसफाई करून दमलेल्या, पोट भरलेल्या पेशी. कळलं, ह्या बाईला केमो आधी दिलेलं आहे आणि गाठीची जागा ही. पण गाठ? पाला उलटा करून बघावा तशी शोधली. एक पेशी नाही! असं होतं कधीमधी, पण मी असं सहजासहजी मानत नाही. म्हटलं, कापणाऱ्यांनी कडेकडेचं घेतलंय आणि खरं मांस डब्यातच राहिलंय.

सुरीला बोलावलं. "डोळे कुठे होते तुझे? गाठ कुठाय? धातूची खूण तरी मिळाली का?"

"मिळाली, बाई. त्याच तुकड्यात."

"मग आजूबाजूचं सगळं मेणात घाल. जे उरलंय ते सगळं कापून आण. नुसत्या व्रणावर मी सही करणार नाही!"

"बरं, बाई." आणि ओठ दाबून हसू आवरत होती! असा संताप आला! एरवी उलटून बोलणारी पोरगी आज नुसती बरं बाई, बरं बाई.

खरं सांगायचं तर संताप तिच्यावर नव्हता. त्या पट्टीखालच्या बाईचा हेवा वाटला. कोण असेल ती भाग्यवान? तिचं एवढं स्वच्छ, आणि आमच्या वन्संच्या निकालाचा अजून पत्ता नाही. असा हेवा पेशंटचा करावा का? पण झाला.

मत लिहिलेलं नाही, म्हणून पट्टी तशीच आहे. उद्या नवे काप येतील.

८ जुलै

नवे काप बघितले. सगळे. दोनदा. लिहिलं, "जिवंत कॅन्सर कुठेही नाही." सही केली. पट्टी सोलली.

माझंच आडनाव.

सर दारात उभे होते. "मी परवाच वाचलं. पण तू नाव झाकून वाचल्याशिवाय माझा माझ्यावर विश्वास बसेना."

वन्संना फोन केला. म्हणाल्या, "किती उरलंय?"

"शून्य."

"परत तपास."

"तपासलं, वन्सं."

मग त्या रडल्या. मीही.